तीन महिन्यांची सरासरी

१४ एप्रिल, सोमवार

आजपासून साखर बंद. जयंतीचा दिवस, याहून चांगला मुहूर्त नाही. (मुहूर्त आपण मानत नाही. 'दिवस' वाचावं.)

परिस्थिती अशी. ती तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट असते ना, ती ९.८ आली. डॉ. परब मॅडम म्हणाल्या, आठच्या खाली पाहिजे. तीन महिने देते. जुलैत परत करू, उतरली नाही तर रोज रात्री इन्सुलिनची सुई. मी हसून हो म्हणालो आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो. आबांना (वडील) सुई लागली आणि वर्षाच्या आत आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग आबा गेले. सुई म्हणजे शेवट. हे मी डोळ्यांनी बघितलंय. मला तिची भीती वाटते, इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

वजन एकशे चार. उंची पाच पाच. आमच्या इस्टेट एजंटांच्या भाषेत, कार्पेट तेवढाच आहे, बिल्ट-अप वाढलाय.

संध्याकाळी मुलगी आणि जावई मुलुंडहून आले. नीलमनं माझ्या दंडाच्या मागे एक बटण चिकटवलं. नाण्याएवढं. आत बारीक तार असते, ती अंगातली साखर सतत मोजते आणि फोनवर रेघ काढते. चौदा दिवसांनी नवीन लावायचं. तार म्हणजे सुई नव्हे, हे मी तिच्याकडून दोनदा कन्फर्म करून घेतलं. मग ती माझ्या फोनमध्ये बराच वेळ काहीतरी सेटिंग करत बसली. हुशार पोरगी.

मिरवणुकीत बुंदीचे दोन लाडू आणि निळं सरबत झालं. ते बंदीच्या आधीचं. बंदी उद्या सकाळपासून.

१५ एप्रिल, मंगळवार

चालायला जाणार होतो. बूट नाहीत. मॅडमच म्हणाल्या होत्या पायांना जपा, अनवाणी फिरू नका. मग चपलेवर कसं जाणार?

दिवसभर ऑफिसात फोन उघडून रेघ बघत होतो. गिऱ्हाईक बोलतंय आणि मी रेघ बघतोय. दशरथ म्हणाला, शेअर घेतलेस का रे. दशरथ म्हणजे आपला पार्टनर. वजन अठ्ठावन्न. रोज तीन वडापाव खाऊन अठ्ठावन्न. देव मानत असतो तर आज त्याला जाब विचारला असता.

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळी सहा

१८६!

रात्री दोन भाकरी आणि मेथी. त्यानंतर पाणी. मग ही साखर आणली कुणी?

(दुपारी पुढे लिहितोय.) मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पहाटे लिव्हर स्वतःच साखर सोडतं, शरीराला जागं करायला. तुमचं इन्सुलिन तिला आवरत नाही. इन्सुलिन म्हणजे किल्ली समजा. पेशीचं दार उघडून साखर आत घेते. तुमच्याकडे किल्ल्या आहेत, पण पोटावरच्या चरबीमुळे कुलूप घट्ट झालंय. शरीर अजून किल्ल्या बनवतं, दमतं, साखर बाहेर रक्तात ताटकळत राहते.

हे मला लगेच समजलं. माझ्याकडे चेंबूर ते मानखुर्द बेचाळीस फ्लॅटच्या किल्ल्या आहेत. दर पावसाळ्यात चार-पाच दारं फुगतात. किल्ली फिरते, दार हलत नाही. मॅडम म्हणाल्या, वजन दहा किलो उतरवा, कुलूप सैल होईल.

पण मुद्दा असा की न खाताही वाढते. मग खाऊन का नाही? हा प्रश्न मी मॅडमना विचारला नाही. त्यांना पेशंट असतात.

२२ एप्रिल, मंगळवार

देवनारच्या वन बीएचकेचं टोकन आलं. सपना नावाची मुलगी आणि तिचा नवरा, दोघं नोकरीवाले, समजूतदार. देवनारचे फ्लॅट मी नेहमी सकाळीच दाखवतो. कचऱ्याच्या डम्पिंगवरून वारा वळतो तो संध्याकाळी. तिनं विचारलंच, काका, इथे वास येतो म्हणतात. मी म्हटलं, आत्ता येतोय का? नाही म्हणाली. मग झालं तर.

टोकन झालं की तोंड गोड करायचं. हा धंद्याचा नियम आहे. पेढा नाकारला की सौदा फिसकटतो, हे चेंबूरमधला कुठलाही एजंट सांगेल. एक पेढा सपनाच्या हातून, एक तिच्या नवऱ्याच्या. मालकानं दिला तो तिसरा. त्याला वाईट वाटलं असतं.

२६८. पण तो धंद्याचा खर्च.

२७ एप्रिल, रविवार

घाटकोपरला पार्टीला भेटायला गेलो. रविवारी सकाळी घाटकोपरला लोक फाफडा-जिलबीशिवाय बोलत नाहीत. आपण तयारीनं गेलो होतो. फोन मुद्दाम घरी ठेवला. फोन जवळ नसेल तर बटण सांगणार कुणाला?

पाव किलो घेतली. पार्टीनं दोन खाल्ल्या.

घरी येऊन फोन हातात घेतला. आधी रेघ तुटलेली होती. मग माझ्या डोळ्यांदेखत ती भरत गेली. सकाळी दहापासून सरळ वर, सिंहगड. बटण आठ तासांचं साठवून ठेवतं म्हणे. हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला नको?

मीराला (बायको) म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. तिनं माझ्या शर्टाकडे बघितलं. पाक सांडला होता. ती पालिकेच्या शाळेत शिकवते. चोरी पकडली की आरडाओरडा करत नाही, नुसतं बघते. त्याचा जास्त त्रास होतो.

४ मे, रविवार

मार्ग सापडला. शुगर-फ्री पेढे. डब्यावर हिरवं पान आहे, डॉक्टरचं चित्रही आहे. नऊ खाल्ले. निर्धास्त खाण्यातली मजा काही वेगळीच.

२९१.

मीरा म्हणते साखर नसली तरी खवा आहे, खव्याला काय तुमची दया येणार आहे का. दुकानदाराला जाब विचारायला गेलो. त्यानं माफी म्हणून काजूकतली दिली.

बूट घेतले. निळे. उद्यापासून चालणं.

८ मे, गुरुवार

बूट नवीन आहेत, घरात घालून सवय करतोय. हॉल ते किचन.

रात्री झोप लागत नाही. पाणी, बाथरूम, पाणी, बाथरूम. तळपायांना मुंग्या येतात. खुर्चीत बसून बसून येत असतील. उठून फिरतो, पुन्हा रेघ बघतो. ती कधी आडवी नसतेच.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात वंदना, मग खीरदान.

हे शांतपणे लिहितो, कारण नीट विचार करूनच केलं. तथागतांनी सहा वर्षं उपास केला, शरीराचा सापळा झाला, काही हाती लागलं नाही. मग सुजातेनं खीर दिली. त्यांनी नाकारली नाही. खीर घेतली आणि मग ज्ञान झालं. हा क्रम आहे. मध्यम मार्ग म्हणजे हेच. उपासमार नको, अतिरेक नको. वाढप्यानं मला विचारलं, किती? मी मधला आकडा सांगितला. तीन वाट्या.

मीरा घरी येऊन म्हणाली, एक आणि पाच यांच्यामधला आकडा काढायला मध्यम मार्ग सांगितला नव्हता. आणि त्यांनी सहा वर्षं उपास केला होता, तुम्ही सकाळी पोहे खाऊन गेला होतात. पुढे तिनं काही बोलायच्या आत मी बूट घालून हॉलमध्ये फिरायला लागलो.

३४७. फोनवर लाल अक्षरात आलं. मी स्क्रीन पालथी ठेवली.

२५ मे, रविवार

आज भयंकर गोष्ट समजली.

नीलम आणि चैतन्य जेवायला आले होते. जावई साधा माणूस, मनात काही ठेवत नाही. आमरसाची वाटी मी पुढे ओढली तर सहज म्हणाला, बाबा, जपून, खिरीच्या दिवशी नीलमच्या फोनचा अलार्म थांबेचना. ती मीटिंगमधून उठून बाहेर गेली होती.

कसला अलार्म?

मग सगळं बाहेर आलं. १४ एप्रिलला जे सेटिंग करत होती ते हे. माझी रेघ तिच्या फोनवरही जाते. अडीचशेच्या वर गेली की तिकडे घंटी. टोकनचे पेढे, घाटकोपर, शुगर-फ्री, खीर, सगळं तिनं मुलुंडला बसून बघितलंय. तिच्या ऑफिसातल्या लोकांनाही घंटी ओळखीची झालीय. वाजली की विचारतात, पप्पाजी ने आज क्या खाया?

मी संतापलो. माणसाला स्वतःचं असं काही असतं की नाही. माझं रक्त आहे ते.  नीलम ताटातली भाजी चिवडत बसली. आमरस कुणीच खाल्ला नाही, सगळा तसाच फ्रीजमध्ये गेला.

ती गेल्यावर वाईट वाटलं. आधी राग, मग वाईट वाटणं, मग फ्रीज.

२६ मे, सोमवार

रात्रभर येरझाऱ्या घालून प्लॅन तयार केला. झकास आहे.

नवीन बटण लावायची तारीख आजच आहे. ते दशरथला लावायचं.

साधा हिशोब. दशरथ अठ्ठावन्न किलो. त्याची रेघ आडवी येणार. नीलमला काळजी नाही, घंटी नाही, तिची नोकरी सुरळीत. सगळं लेकीसाठीच चाललंय. दशरथ आधी नको म्हणाला, मग मी देवनारच्या कमिशनमधल्या त्याच्या वाट्याची आठवण करून दिली. आम्ही दोघं दिवसभर एका ऑफिसात बसतो, त्यामुळे फोनला बटण सापडतं. रात्रीचं ते साठवून ठेवतं, सकाळी दशरथ आला की रेघ भरते. या साठवण्याचा शेवटी उपयोग झाला.

२ जून, सोमवार

१०४. ११०. ९८. ११६.

काय रेघ आहे! देवनारच्या खाडीसारखी सपाट. नीलमचा फोन आला. बाबा, किती छान, मला माहीत होतं तुम्ही मनावर घ्याल. आवाज भरून आला होता तिचा. माझाही आला. खरंच, मनावर घेतलं की माणूस काय करू शकतो.

या आनंदात दोन पेढे.

१० जून, मंगळवार

तब्येत सुधारल्यासारखी वाटतेय. रेघ बघितली की चालण्यात फरक पडतो. गिऱ्हाइकांनाही फोन दाखवतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडून डाएट लिहून घेतलं. मी त्यांना सांगितलं, मुख्य म्हणजे संयम.

पहिले दोन दिवस सकाळी दंडावर हात फिरवून बघायचो, बटण कुठे गेलं म्हणून. आता आठवण राहते.

१६ जून, सोमवार

वाट लागली. दुपारी तीनला २९४.

दशरथला तिथल्या तिथे धरलं. काय खाल्लंस? रोजचंच, म्हणाला. तीन वडापाव, आणि एकानं हापूसची पेटी उघडली होती म्हणून चार आंबे. इतके दिवस त्याची बायको गावी होती, दशरथ बहिणीकडे नाचणी आणि पालेभाज्यांवर होता, दुपारचा डबाही तिचाच. काल बायको परत आली. मी त्याला झाडला. म्हटलं, माझ्या तब्येतीची तुला काही पडलेली नाही. तिकडे पोरीच्या ऑफिसात घंटी वाजली असेल. तू माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात घालवलीस.

 तो म्हणाला, अंबादास, ही साखर माझी आहे ना रे?

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

१८ जून, बुधवार

दशरथ डॉ. परबांकडे जाऊन आला. त्यालाही आहे. बारीक माणसाला होत नाही असं काही नसतं म्हणाल्या, चरबी बाहेर दिसत नाही, आत लिव्हरवर बसते. त्यानं बटण काढून माझ्या टेबलावर ठेवलं. नीलमला कळवलं, दुकानात बटणं संपलीत. माझ्याशी नीट बोलत नाही. एका अर्थानं त्याचा जीव मीच वाचवला, पण ते मानायला मोठं मन लागतं.

वर सपना संध्याकाळी एकटीच फ्लॅट बघून आली. सौदा रद्द. मला म्हणाली, काका, तुम्ही सकाळी दाखवलात म्हणून संध्याकाळचा वास जात नाही. एवढी शिकलेली मुलगी, पण एजंटशी कसं बोलावं समजत नाही.

टोकनचे तीन पेढे फुकट गेले.

२९ जून, रविवार

गोवंडीला चौथ्या मजल्यावर फ्लॅट दाखवत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, साहेब, तुमची एक चप्पल? बघतो तर डावा पाय उघडा. चप्पल दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पडली होती. दोन मजले मी तसाच चढलो आणि मला समजलं नाही.

चप्पल सैल झाली असणार. नवीन पट्ट्याची घेतली.

मीराला सांगितलं नाही. आंघोळ करताना तळव्याला नखानं ओरखडून बघितलं. साबण जास्त लागला होता बहुतेक, म्हणून जाणवलं नाही. कोरडा करून पुन्हा बघितलं. मग बघणं बंद केलं.

१० जुलै, गुरुवार

आषाढी पौर्णिमा. विहारात अष्टशील घेतलं. यातलं सहावं शील, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. टेस्ट सोमवारी आहे. मी ते शील सोमवारपर्यंत वाढवून घेतलं. मीराला आनंद झाला असं वाटलं, पण ती म्हणाली, शीलाला टेस्टची तारीख नसते. बायकांना प्रत्येक गोष्टीत हेतू दिसतो.

दशरथ हल्ली पहाटे उठून चालतो. त्याच्याकडे बूटही नाहीत.

१३ जुलै, रविवार

चौथा दिवस. काकडी, ताक, काकडी. चक्कर येते पण मन प्रसन्न आहे. उद्या रक्त स्वच्छ मिळणार. सात पॉइंट पाच, फार तर आठ.

अर्धा किलो पेढे आधीच आणून ठेवले. आपल्याकडे सौदा पक्का दिसला की पेढे आधी आणतात, सहीनंतर धावपळ नको. मॅडमना, दशरथला, विहारात, माझ्या हातानं देणार. मी एकही खाणार नाही. फार तर शेवटचा.

१५ जुलै, मंगळवार

१०.६

मी म्हणालो, मॅडम, लॅबची चूक आहे. माझे गेले चार दिवस बघा. त्या म्हणाल्या, ही टेस्ट चार दिवसांची नसते, साखर रक्ताच्या लाल पेशींना चिकटून बसते आणि पेशी तीन महिने जगतात. तुम्ही एप्रिलमध्ये खाल्लेलंसुद्धा अजून यात आहे. मी विचारलं, कुठेच सवलत नाही का? नाही म्हणाल्या.

मग पिन घेऊन माझ्या पायांना टोचून बघितलं. उजव्या पायाला किती वेळा टोचलं विचारलं. मी दोन म्हणालो. त्यांनी पाच वेळा टोचलं होतं.

सुई आजपासून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, घेतो ना. मुलुंडचा एक मोठा सौदा चाललाय, तेवढा होऊ दे. ऑगस्टमध्ये नक्की.

पेढ्यांचा डबा स्कूटरच्या डिकीत आहे.

२० जुलै, रविवार

घरी बसवत नव्हतं. मीरा बोलत नाही. नीलमचे तीन मिस्ड कॉल. डबा घेऊन मानखुर्दला मायकडे गेलो. माय माझा धाकटा भाऊ शिवदासकडे असते. एक्क्याऐंशी वर्षांची, साखर नाही, काही नाही.

तिला म्हटलं, पेढे खा. कशाचे म्हणाली. मी सगळं सांगितलं. आणि म्हणालो, माय, सुई घेणार आहे, पण मुलुंडचा सौदा होऊ दे. घाई कशाला. आबांना सुई लावली आणि बघ काय झालं.

ती डबा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मग बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"तुह्या बापाला डाक्टरनं सुई चार साल आधी सांगितली व्हती. ह्यो म्हणे, अंबादासचं लगीन होऊ दे. मंग म्हणे, शिवदासला नवकरी लागू दे. मंग म्हणे, आंब्याचे दिवस जाऊ दे. सुई लावली तव्हा बोट काळं पडलं व्हतं. लोक म्हणत्यात सुईनं मेला. सुईनं न्हाई मेला त्यो. होऊ देनं मेला."

मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, तू कधी इचारलं? तू तर म्हणायचास सुईनं गेले. तुह्या जिवाला बरं वाटत व्हतं, वाटू दिलं.

माझं लग्न. आबा माझ्या लग्नासाठी थांबले होते. लग्नात त्यांनी हातानं सगळ्या पंगतीला जिलबी वाढली होती, मला आठवतंय. स्वतः वाढली आणि स्वतः खाल्ली.

 शिवदासनं चहा आणला. बिनसाखरेचा मागितला. पेढे गल्लीतल्या पोरांनी संपवले.

२१ जुलै, सोमवार

सकाळी मॅडमकडे. सुई लिहून दिली. पेनासारखं असतं. औषधाच्या दुकानात मीरा बरोबर होती.

रात्री जेवणाआधी मीरानं पोटावर चिमूट धरली. मी डोळे मिटले, दात आवळले. आबा आठवले. वाट बघत राहिलो. मग न राहवून म्हणालो, टोच ना, उगीच जीव टांगणीला लावू नकोस.

ती म्हणाली, कधीच झालं. शर्ट खाली घ्या.

या सुईसाठी मी तीन महिने जागा होतो.

नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला ऐकू आलं. मी आत गेलो नाही. मग गेलो.

२२ जुलै, मंगळवार

नीलमला फोन केला. दशरथचं सगळं सांगितलं.  ती म्हणाली, मला जूनमध्येच समजलं होतं बाबा. तुमची रेघ सकाळी सहाला रोज वर जाते. ती एकदम सपाट झाली तेव्हाच. मी विचारलं, मग फोनवर एवढं कौतुक का केलंस? म्हणाली, वाटलं, लाज वाटून तरी सुरू कराल.

नवीन बटण आज माझ्या स्वतःच्या दंडावर.

३ ऑगस्ट, रविवार

दशरथबरोबर चालायला गेलो. पुढे तो, मागे मी. तो अजून थोडा रुसलेला आहे, पण वळणावर थांबतो. रोज आंघोळीनंतर मीरा माझे तळवे आरसा धरून बघते. डाव्या अंगठ्याजवळ नवीन बुटांनी एक फोड आणला होता, मला समजलाच नव्हता. तिनं पकडला.

काल देवनारचा फ्लॅट संध्याकाळी दाखवला. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून खाली पळालं. खरं बोलण्यानं मन हलकं होतं म्हणतात. धंदाही हलका होतो.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी

११८. उपाशीपोटी. माझी स्वतःची.

दोनदा दंड चाचपून बघितला. बटण माझ्याच दंडावर आहे.

कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. नीलमला फोन लावायला घेतला तोवर तिचाच मेसेज आला. एकच शब्द. 'बघितलं.'

फार आनंद झाला. उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. एवढा आनंद झाल्यावर माणसानं करायचं काय, हे मॅडमनी कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. मीराला हाक मारली. दोघांनी मिळून तोंड गोड करायच्या जागी काकडी खाल्ली. कडू निघाली.